मुलांना घेऊन शेत बघायला जाताय? आधी फोनवर एक प्रश्न विचारा

आमची पहिली शेताची ट्रिप सपशेल फसली होती. रविवार बघून निघालो, आवरता आवरता उशीर, पोचेपर्यंत साडेबारा वाजले, टळटळीत ऊन, गायी सावलीला बसून रवंथ करतायत, कोंबड्या मातीत पंख पसरून पडल्यात, कामाची माणसं जेवून आडवी झालीत. पोरांनी दोन तास झोका खेळला. परत येताना गाडीत विचारलं, काय काय बघितलं रे आज, तर धाकटा म्हणतो, झोका. आता झोका तर बिल्डिंगच्या खाली पण आहे.

चूक त्या शेतकऱ्याची अजिबात नव्हती. आम्ही आमच्या सुट्टीच्या हिशोबाने गेलो आणि शेत त्याच्या हिशोबाने चालतं, एवढंच. तेव्हापासून मी कुठेही जायचं ठरवलं की आधी फोन करून एकच प्रश्न विचारते, "आम्ही येऊ त्या दिवशी शेतात काम काय चालू असेल?" बाकी सगळं, म्हणजे कधी जायचं, काय घालायचं, कुठल्या मुलाला न्यायचं, हे या उत्तरावरून ठरतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितेय.

आधी ठरवा, कसल्या जागी जायचंय

"फार्म" या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि तिथेच पहिला गोंधळ होतो.

एक म्हणजे खरंखुरं चालू शेत, जिथे घर शेतीवर चालतं आणि पाहुणे हा जोडधंदा. इटलीत तर १९८५ साली यासाठी वेगळा कायदाच केला, की पाहुण्यांची सोय करा पण मुख्य काम शेतीच राहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये २००६ पासून दरवर्षी उन्हाळ्यात एक रविवार असतो, त्या दिवशी बरेच शेतकरी आपली शेतं लोकांना बघायला मोकळी ठेवतात. असं काही तुमच्या आसपास असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण त्या दिवशी शेतकरी समजावून सांगायच्या तयारीत असतो.

दुसरी जागा म्हणजे स्वतः तोडून घ्यायची शेतं, फळं नाहीतर भाजी. लहान मुलांसाठी माझ्या मते ही सगळ्यात बेस्ट, कारण हाताला काम मिळतं. तिसरी, गोठे, डेअऱ्या, शेळ्या-मेंढ्यांची फार्म. चौथी म्हणजे नुसत्या बघायच्या जागा: फुलांचे मळे, मक्याच्या उभ्या पिकात वाटा कापून केलेले भुलभुलैये (मोठ्या मापाचा असा भुलभुलैया अमेरिकेत १९९३ मध्ये केला आणि मग ती टूमच निघाली). आणि पाचवी, जुन्या शेतीची संग्रहालयं. स्टॉकहोमचं स्कान्सेन १८९१ पासून चालू आहे, तिथे जुनी शेतघरं उचलून आणून पुन्हा उभी केलीत आणि जनावरंही ठेवलीत.

झोके, घसरगुंडी, रेन डान्स आणि कोपऱ्यात बांधलेले दोन ससे, ही सहावी जागा. मजा येते, नाही म्हणत नाही, पण ती शेत बघायची ट्रिप नव्हे.

मग फोन करा

मेसेज नको, फोनच करा, कारण उत्तर ज्या पद्धतीने येतं त्यावरूनच निम्मं कळतं. "या हो, सगळं आहे आपल्याकडे, स्विमिंग पूल पण आहे" असं उत्तर आलं की समजून जायचं. आणि "मंगळवारपर्यंत रोपं लावून होतील, त्याआधी आलात तर लावताना दिसेल, नंतर नुसतं हिरवं दिसेल" असं कोणी म्हणालं की तिथे डोळे झाकून जा.

त्याच फोनमध्ये विचारून घ्यायच्या बाकीच्या गोष्टी: हात धुवायला नळ आणि साबण आहे का (हा प्रश्न लाजून सोडू नका, का ते पुढे लिहिलंय), टॉयलेट कुठे आहे, कुत्री मोकळी असतात का, पाऊस आला तर काय. आणि औषध फवारणी कधी झाली किंवा होणार आहे. फवारल्यानंतर ठराविक काळ त्या पिकात शिरायचं नसतं, औषधाप्रमाणे हा काळ वेगळा असतो आणि डब्यावर लिहिलेला असतो. चांगला शेतकरी स्वतःच सांगतो, पण तुम्ही विचारलंत की त्यालाही कळतं की ही माणसं नुसती फोटो काढायला येत नाहीयेत.

किती जण येणार ते खरं सांगा. सहा सांगून चौदा जायचं नाही.

दिवस आणि वेळ

फुलांच्या मळ्यांना हे सगळ्यात कडक लागू होतं. नेदरलँड्समधलं कोकेनहॉफ, १९५० मध्ये लोकांसाठी उघडलेलं, दरवर्षी सुमारे ७० लाख कंद लावतात, आणि एवढं करून बाग उघडी असते वसंतात साधारण आठ आठवडे. बाकी वर्षभर तिथे बघायला काही नाही. प्रत्येक पिकाचं थोड्याफार फरकाने असंच असतं. पेरणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर मुलांना नुसतं काळं रान दिसणार आणि ती म्हणणार, इथे तर काहीच नाहीये. लावणी, तोडणी, काढणी, मळणी, या दिवसांत हालचाल असते, माणसं असतात, आवाज असतो. लहान मुलं असतील तर यातलाच दिवस धरा.

वेळ सकाळची. धारा साधारण बारा-बारा तासांनी दोनदा काढतात, म्हणजे पहाटे नाहीतर सकाळी लवकर आणि मग संध्याकाळी, मधे दुपारी गेलं की गोठ्यात फक्त शेपट्या हलताना दिसतात. कोंबड्याही बहुतेक सकाळीच अंडी घालतात. नुकतं घातलेलं अंडं मुलाच्या तळहातावर ठेवून बघा, ते गरम असतं. आमची मोठी तेव्हा सात वर्षांची होती, तिने दचकून हातच मागे घेतला, कारण तिच्या मते अंडं ही थंड वस्तू, फ्रिजच्या दारात राहणारी. त्या एका क्षणात तिला जे समजलं ते मी चार वर्षं समजावून सांगत होते.

मधमाश्यांचं मात्र उलटं आहे. पेटी उघडतात ती ऊन चढल्यावर, वारा नसताना, कारण तेव्हा कामकरी माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात आणि आत गर्दी कमी असते. पेटी बघायला मिळाली तर फ्रेमवर एखादी माशी अंग थरथरवत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरतेय का ते शोधा, ती बाकीच्यांना फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब आहेत ते सांगत असते. हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं आणि त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. मुलांना आधी हे सांगून ठेवलं तर ती घाबरायच्या ऐवजी नाचणारी माशी शोधत बसतात. पण घरात कोणाला माशी चावून अंगभर सूज किंवा श्वासाचा त्रास झालेला असेल तर पेटीच्या जवळपासही नको.

काय घालायचं, काय न्यायचं

पूर्ण झाकलेले बूट, ओले झाले तरी चालतील असे. सँडल नकोत, काटे असतात, शेण असतं आणि गायीचा पाय पायावर पडला तर बोटं राहत नाहीत जागेवर. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, टोपी, पाणी, एक जादा जोड. संपलं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही ती सांगते. बूट धुऊन जा. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाताना तर नक्कीच. चिखलातून जनावरांचे रोग फिरतात. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूतची साथ आली तेव्हा ती आटोक्यात आणायला साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि शेतांतून जाणाऱ्या पायवाटा लोकांसाठी बंद केल्या होत्या. तेव्हा गोठ्याच्या दाराशी औषधाच्या पाण्याचा ट्रे दिसला तर बाजूने उडी मारून जाऊ नका, त्यात पाय बुडवूनच आत जायचं असतं.

घरात कोणी गरोदर असेल तर शेळ्या-मेंढ्या विताना, नुकतीच झालेली करडं-कोकरं, वार (विल्यानंतर बाहेर पडणारी नाळेची पिशवी) पडलेली जागा, यापासून तिने लांब राहायचं. त्यातून होणारे काही संसर्ग पोटातल्या बाळाला धोक्याचे असतात.

पोचल्यावर

पहिली दहा मिनिटं काही करू नका. खरंच. मुलं गाडीतून उतरली की सुसाट जनावरांकडे पळतात आणि जनावरं बिचकतात. गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला आपल्या भोवतीचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त बरोबर मागचं दिसत नाही, आणि नेमकं मागून कोणी आलं की ती लाथ मारते. त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून बाजूने, खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जायचं. मुलांना हे गाडीतच सांगा, तिथे गेल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरं, सगळं बघायचा हट्ट सोडा. एक जनावर आणि एक पीक, बास.

शेळीला चारा द्यायचा असेल तर तळहात सपाट, अंगठा बोटांना चिकटवलेला, चारा मधोमध. बोटांच्या चिमटीत पान धरून पुढे केलं तर तिला पान कुठे संपतं आणि बोट कुठे सुरू होतं ते कळत नाही. धाकट्याने पहिल्यांदा दिलं तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले, हात पुढे आणि बाकीचा सगळा पोरगा माझ्या मागे. शेळीने ओठांनीच सगळं अलगद उचललं, खरखरीत मिशा तळव्याला लागल्या आणि हा खदखदून हसायला लागला. मग तिथल्या शेतकरी काकांनी शेळीचा वरचा ओठ जरा उचलून दाखवला. समोर वरचे दातच नाहीत! नुसती टणक हिरडी. गायीलाही नसतात, मेंढीलाही नाहीत. खालचे दात आणि वरची हिरडी यात चारा धरून तोडतात आणि दळायचं काम मागच्या दाढा करतात.

गाय बसलेली असेल तर रवंथ मोजा. गळ्यातून एक गोळा वर येताना दिसतो, मग ती चावत बसते, मग गिळते, क्षणभर थांबते आणि पुढचा गोळा वर येतो. आमच्या मोठीने एका गोळ्याचे ५२ मोजले, पुढच्याचे ४७. पोटाचे चार कप्पे वगैरे पुस्तकातलं आहे, ते हे मोजून झाल्यावर सांगा, म्हणजे डोक्यात शिरतं.

धार काढताना बघायला मिळालं तर घाई करू नका आणि आवाजही नको, बिचकलेली गाय पान्हा सोडत नाही. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या काढतात ते बघा आणि का ते विचारा. दुधात गाठी आहेत का ते तपासतात, असल्या तर दगडी, म्हणजे कासेला सूज. आणि एक प्रश्न मुलांकडून विचारून घ्या, गाय दूध कधीपासून देते? खूप मोठ्या माणसांनाही वाटतं की गाय म्हणजे दूध देणारच. वासरू झाल्याशिवाय दूध नाही, आणि वासरू पोटात साधारण २८० दिवस असतं. हे ऐकून आमची मोठी म्हणाली, म्हणजे आईसारखंच की. हो, आईसारखंच.

गोठ्यातच कोणी प्रेमाने धारोष्ण दूध पुढे केलं तर गोड बोलून नाही म्हणा, मुलांना तर द्यायचंच नाही. तापवलेलं असेल तर प्या.

पिकात शिरताना

बांधावरून चालायचं, सरीतून चालायचं, वाफ्यात पाय टाकायचा नाही. काय तुडवायचं नाही हे आधी विचारा, कारण आपल्याला गवत वाटतं ते कधी कधी कोणाचं चार महिन्यांचं पीक असतं.

मक्याचं कणीस मिळालं तर वरचे केस ओढून फेकू नका. त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो, परागकण त्या केसावर पडला तरच तो दाणा भरतो. म्हणून मधेच दाणे नसलेलं बोडकं कणीस मिळालं तर ते मुलांना मुद्दाम दाखवा, तिथल्या केसांना पराग मिळाला नाही. आणि ओळी मोजायला सांगा, जवळजवळ नेहमी सम संख्या येते, बारा, चौदा, सोळा. मुलं तीन-तीन कणसं मोजून खात्री करतात.

शेंगवर्गीय पीक असेल, म्हणजे तूर, मूग, भुईमूग, सोयाबीन, काहीही, तर विचारून एक रोप मुळासकट हळूच उपटून घ्या. माती झटकली की मुळांवर बारीक गाठी दिसतात. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर तिच्यातले जिवाणू कामावर आहेत, हवेतला नायट्रोजन पिकाला देतायत. पांढरट किंवा हिरवट असेल तर काम चालू झालेलं नाही किंवा संपलंय. एका नखाएवढ्या जागेत एवढं सगळं चाललेलं असतं, आणि बघायला तिकीट लागत नाही.

तोडायला गेलात तर आधी शिकून घ्या, ओढायचं नाही. सफरचंदासारखं फळ वर उचलून जरा पिळलं की पिकलेलं असेल तर देठासकट हातात येतं, नाही आलं तर त्याला राहू द्या. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, पांढरा खांदा असलेली घरी नेऊन गोड होत नाही, तेव्हा पूर्ण लालच घ्या. तोडता तोडता किती खाल्लं ते मुलं सांगत नाहीत, पण तुम्ही सांगा आणि त्याचेही पैसे द्या.

हात धुणं, ट्रॅक्टर आणि शेततळं

घाबरवायचं म्हणून नाही, पण हे वाचल्याशिवाय जाऊ नका.

जनावरांना हात लावला, कुंपणाला लावला, बुटांना लावला, की साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे, काही तोंडात घालायच्या आधी. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका फार्मवर आलेल्या ९३ जणांना ई. कोलाय ओ१५७ चा संसर्ग झाला, त्यात बहुतेक लहान मुलं होती आणि काहींची किडनी बिघडण्यापर्यंत गेलं. जनावर दिसायला ठणठणीत असतं, तरी त्याच्या शेणात हे जंतू असू शकतात. सॅनिटायझर खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, चिखलाच्या हातावर ते नीट चालत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी तर त्याला दादच देत नाही. आमच्याकडे नियम असा की डबा शेताच्या बाहेर, गाडीजवळ उघडायचा. बाटलीचं तोंड आणि अंगठा चोखणारी मुलं, यांच्यावर डोळा ठेवायचा.

ट्रॅक्टरवर मांडीत मूल घेऊन फेरी, हा फोटो सगळ्यांना हवा असतो. नको. एक सीट असेल तर एकच माणूस. आणि ट्रॅक्टरच्या मागे अवजाराला जोडलेला फिरता दांडा असतो, तो साधारण मिनिटाला ५४० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, त्यात ओढणीचं टोक गेलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. इंजिन चालू असेल तर मागे कोणीही जायचं नाही, मोठ्यांनीही.

शेततळ्याला प्लास्टिक अंथरलेलं असतं, ते ओलं झालं की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. शेणाच्या बंद टाक्यांमध्ये विषारी वायू साठतो. धान्याच्या ढिगावर किंवा कोठीत खेळायला सोडू नका, धान्य पायाखालून वाळूसारखं सरकतं आणि माणूस आत ओढला जातो. पोचल्या पोचल्या या तीन जागा कुठे आहेत ते काकांना विचारून घ्या आणि मुलांना बोटाने दाखवून ठेवा.

मुलांना काम मागा

बघून कंटाळा येतो, करून येत नाही. पाणी भरणं, अंडी गोळा करणं, निवडणं, रोपं हातात देणं, काहीतरी छोटं काम मागून घ्या, पण "तुमच्या कामात अडथळा नको" हेही म्हणा. आमच्या धाकट्याला एकदा पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला दिलं, फावड्याने मातीचा छोटा बांध फोडायचा आणि मागचा बुजवायचा, एवढंच. तासभर तो तिथून हलला नाही. पाणी फुटून भलत्याच सरीत गेलं तेव्हा तिथल्या मावशी नुसत्या हसल्या, म्हणाल्या, आमचं पण जातं. कपडे वाया गेले, ते सोडा.

प्रश्न विचारायचे तर "शेती कशी करता" असं नको, त्याला कोणी काय सांगणार. "या वर्षी काय बिघडलं?" असं विचारा. मग अर्धा तास तुम्हाला बोलावं लागत नाही. किडी, पाणी, मजूर, भाव, सगळं येतं, आणि मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच ऐकत असतात.

घरी आल्यावर निबंध वगैरे लिहायला लावू नका हां. शेतातून मागून आणलेल्या चार शेंगांमधलं बी कुंडीत टोचा, पुरे.

आणि जमलं तर नव्या ठिकाणी जाण्यापेक्षा त्याच शेतावर दुसऱ्या हंगामात जा. आम्ही एकाच ठिकाणी आता तिसऱ्यांदा जाणार आहोत, या वेळी पेरणी बघायला, मोठीचाच हट्ट आहे, काळं रान तर काळं रान. परवा फोन करून नेहमीचा प्रश्न विचारला तर काका म्हणाले, तारीख आत्ता कशी सांगू, पाऊस उघडून वाफसा आला (म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, अशी झाली) की पेरणार, आदल्या दिवशी फोन करतो. धुतलेले बूट दाराशी काढून ठेवलेत.